आवाज वाढवला म्हणजे अधिकार येतो का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय.

आजचा प्रश्न आपल्या तरुण संघात सारखा येतो. "अधिकाराने प्रार्थना कर" असं सगळे सांगतात. पण म्हणजे नक्की करायचं काय?

आधी माझी गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी पप्पा आयसीयूमध्ये होते. मी पुण्याहून रात्रीच नगरला पोचलो. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहिलो आणि मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओंसारखी प्रार्थना केली. मोठ्याने, मूठ आवळून. आजाराला हुकूम सोडले आणि प्रत्येक वाक्याला "येशूच्या नावाने" जोडलं. घसा बसला. सहा दिवसांनी पप्पा गेले.

दफनविधीनंतर ओळखीच्या एका बंधूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझा विश्वास कमी पडला." त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी नीट प्रार्थनाच केली नाही. मग एकदा ठरवलं की कोणाचंही ऐकण्याआधी पवित्र शास्त्रात काय आहे ते स्वतः बघू.

स्किवाचे मुलगे आणि कॉपी-पेस्ट

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे होते. पौल येशूच्या नावाने भुतं काढतो हे पाहून त्यांनीही तेच नाव वापरून बघितलं. त्यावर दुष्टात्मा काय म्हणाला? येशू ठाऊक आहे, पौलही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या भूतबाधा झालेल्या माणसाने त्यांना असं बदडलं की ते जखमी होऊन उघडेच पळाले.

माझ्यासारख्या कोडिंग करणाऱ्याला हे लगेच कळतं. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधून कोड कॉपी केला, पण त्यातलं टोकन आपल्याला दिलेलंच नाही. सर्व्हर ४०१ एरर देतो, म्हणजे ओळख पटली नाही. कोड बरोबर असतो, शब्दही तेच असतात, पण नातं नसतं. "येशूच्या नावाने" हा पासवर्ड नाही. मी त्याचा आहे आणि त्याच्या वतीने बोलतोय, असा त्याचा अर्थ आहे. जिन्यात मी नेमकं काय करत होतो, हे तेव्हा लक्षात आलं. माझा भरवसा त्या वाक्यावर होता.

ज्याच्यावर साहेब आहे, त्याला अधिकार आहे

आता मत्तय, अध्याय ८. कफर्णहूमचा शताधिपती. त्याचा चाकर आजारी आहे. येशू घरी यायला तयार आहे, पण हा म्हणतो की यायची गरज नाही, फक्त शब्द बोला. कारण काय देतो? तो आधी सांगतो की मी स्वतः दुसऱ्याच्या हाताखाली आहे, आणि मग सांगतो की माझ्या हाताखाली शिपाई आहेत.

हा क्रम बघा. शिपाई त्याचं ऐकतात ते त्याचा आवाज मोठा आहे म्हणून नाही. त्याच्यामागे रोमी सैन्याची आख्खी साखळी उभी आहे. त्याने वरच्यांचं ऐकणं सोडलं, तर खालचेही त्याचं ऐकणार नाहीत. येशूला आश्चर्य वाटलं ते याच समजुतीचं.

म्हणजे आत्मिक अधिकार देवाच्या हाताखाली राहूनच मिळतो. सोमवार ते शनिवार त्याचं काहीच ऐकायचं नाही आणि संकट आलं की हुकूम सोडायचे, हे जमत नाही.

धैर्य म्हणजे काय?

इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने यायला सांगितलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'पार्रेसिया'. शब्दशः अर्थ, सगळं बोलणं. अथेन्सच्या सभेत नागरिकाला मन मोकळं करून बोलायची जी मुभा होती, तिच्यासाठी हाच शब्द वापरायचे. म्हणजे धैर्याने प्रार्थना करणं म्हणजे देवासमोर काही न लपवणं. भीती, राग, रडू, सगळं बोलायची परवानगी आहे.

मोठ्याने प्रार्थना करणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं, तेव्हा मुली मोठमोठ्याने रडून प्रार्थना करत होत्या. पण त्याच मुक्तीच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर तरीही पुढे नेलं आणि १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल?

मग पप्पा का गेले?

मला माहीत नाही. पण गेथशेमानेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून मागितलं, आणि शेवटी पित्याच्या इच्छेवर सोडलं. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. या दोघांनाही "विश्वास कमी" म्हणायची हिंमत आहे का आपली? उत्तर 'नाही' आलं, म्हणजे आपलं नातं तुटलं असं नाही.

या आठवड्यात करून बघा

१. प्रार्थनेची सुरुवात मागण्यांनी करू नका. आधी "पित्या" म्हणा आणि दोन मिनिटं गप्प बसा.

२. एक गोष्ट निवडा, जिथे देवाचं ऐकायचं तुम्ही टाळताय. आधी तिथे हो म्हणा.

३. आजाऱ्यासाठी बिनधास्त मागा, बरं कर म्हणून मागा. पण औषध बंद करायला सांगू नका, आणि घरच्यांच्या विश्वासाला मार्क देऊ नका.

मी आता दर रविवारी रात्री मम्मीला फोन करतो आणि आम्ही दोघं फोनवरच प्रार्थना करतो. आवाज हळूच असतो, कारण रूममेट झोपलेला असतो. पण जिन्यातल्या त्या रात्रीपेक्षा आज मला जास्त खात्री आहे की कोणीतरी ऐकतंय.

तुमच्या ओळखीत कोणाला "तुझा विश्वास कमी पडला" असं ऐकावं लागलं असेल, तर त्याला हा एपिसोड नक्की पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू. प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो!