दहा वर्षांची ओरड आणि देऊळघाटची ग्रामपंचायत

"दहा वर्षांसाठी दिलेले आरक्षण अजून किती दिवस?" बुलढाण्याहून देऊळघाटला निघालेल्या काळी-पिवळीतही आम्हाला हा प्रश्न ऐकावा लागतो. विचारणाऱ्याने घटना उघडलेली नसते. ती मुदत कलम ३३४ मधली, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची. शिक्षण-नोकरीला मुदतच नाही. उलट कलम १५(४) आले ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने, बाबासाहेब कायदामंत्री असताना!

३३४ ची मुदत मात्र दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करूनच वाढते. २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. अँग्लो-इंडियन नियुक्तीला मुदतवाढ दिली नाही आणि त्या जागा गेल्या.

आमचे कार्यकर्ते गाफील आहेत ते इथेच. ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना राखीव जागा, सरपंचपदे मिळाली. पण कलम २४३-ड ने ती ३३४ च्याच मुदतीला बांधली आहेत. महिलांच्या आरक्षणाला ही अट नाही, आमच्या जागांना आहे. संसदेने दोन तृतीयांश मतांनी पुन्हा दुरुस्ती केली नाही, तर देऊळघाटच्या पंचायतीतली आमची खुर्चीही उठेल. मते मागायला येणाऱ्यांना हे आताच विचारा, २०२९ च्या डिसेंबरात नव्हे.