ग्रासकटर घेताना नुसत्या नावावर जाऊ नका

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते आणि ग्रासकटरची खरेदीही. 'शेजाऱ्याकडे याच कंपनीचा आहे' एवढ्या भरवशावर बागायतदार कष्टाचे हजारो रुपये मोजतो. म्हणून काही समज तपासून घेणं गरजेचं आहे.

गैरसमज : नामांकित कंपनीचं कुठलंही मशीन दणकटच.
वस्तुस्थिती : एकच कंपनी अंगणापुरती हलकी मशीनं काढते आणि दिवसभराच्या कामासाठी भक्कमही. हलकं मशीन रोज सहा तास रानात चालवलं, तर वरचं नाव त्याला तारत नाही. कंपनीबरोबर मॉडेलही विचारा.

गैरसमज : नाव वेगळं म्हणजे मालही वेगळा.
वस्तुस्थिती : होंडाचं 35.8 सीसीचं जीएक्स 35 इंजिन इतर कंपन्यांच्या ग्रासकटरवरही बसवलेलं असतं. नावामागचा मालकही बदलतो. डोल्मार ही चेनसॉ बनवणारी जुनी जर्मन कंपनी 1991 साली जपानच्या मकिताने घेतली.

गैरसमज : सीसी जास्त, तर ताकद जास्त.
वस्तुस्थिती : सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढी जागा व्यापत फिरतो, तिचं माप. ताकद एचपी किंवा किलोवॅटमध्ये मोजतात. 1 एचपी म्हणजे सुमारे 0.75 किलोवॅट. टू स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे नुसत्या सीसीवरून दोघांची तुलना होत नाही. वजनही पाहा, ते दिवसभर तुमच्याच खांद्यावर असणार आहे.

गैरसमज : इंजिन जाम झालं, म्हणजे कंपनी वाईट.
वस्तुस्थिती : टू स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. ऑइल घालायचं राहिलं, तर कुठल्याही कंपनीचा पिस्टन धरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं, म्हणून हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवून कार्ब्युरेटरही कोरडा करा.

पैसे देण्याआधी पट्टा खांद्याला लावून मशीन चालवून बघा. क्लच, एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावी मिळते का, ते विचारा. निष्ठा ठेवायचीच, तर ऐन बेणणीत बंद पडलेलं मशीन त्याच दिवशी चालू करून देणाऱ्या मेकॅनिकवर ठेवा.