एकशे सहा पॉझिट्रॉन

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळ ‘स्लॅक’ ही प्रयोगशाळा आहे. तिचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कण-त्वरक १९६६ सालापासून इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत पळवत आला आहे. नव्वदच्या दशकात त्याच्या पुढच्या टोकाशी ‘ई-१४४’ हा प्रयोग उभा राहिला. रोचेस्टर, प्रिन्स्टन आणि टेनेसी विद्यापीठांतले लोक स्लॅकच्या मंडळींबरोबर त्यात होते. १९९७ साली निकाल छापून आला. मिळालेले पॉझिट्रॉन होते १०६, साधारण १४ इकडेतिकडे. मला हा विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण प्रकाशावर प्रकाश आदळून द्रव्य आणि प्रतिद्रव्य जन्मल्याचा प्रयोगशाळेतला पहिला पुरावा त्या मूठभर कणांनी दिला.

प्रकाशातून द्रव्य निर्माण होऊ शकतं, हे कागदावर फार आधी ठरलं होतं. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, कार्ल अँडरसन यांना १९३२ साली वैश्विक किरणांत सापडला. दोनच वर्षांनी ग्रेगरी ब्राइट आणि जॉन व्हीलर यांनी दोन फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, टकरीतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी कशी निघेल याचं गणित मांडलं. प्रयोगशाळेत ते बघायला मिळण्याची आशा नाही, असंही त्यांनीच लिहून ठेवलं. त्यात निराशावाद नव्हता, हिशोब होता. जोडी घडवायला किमान १० लाख २२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनकडे असतात जेमतेम सव्वादोन-अडीच.

ई-१४४ ने ही दरी दोन पायऱ्यांत ओलांडली. एका बाजूने ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन येत, समोरून हिरव्या लेसरचा झोत. एखादा फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटून उलटा फिरे आणि परतताना जवळजवळ २९ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा घेऊन येई. ही पहिली पायरी. हा बलवान फोटॉन त्याच लेसरच्या दाटीत घुसला की पुढची टक्कर होई. पण समोरचा एकच हिरवा फोटॉन त्याला पुरत नाही. गणित केलं तर निदान चार लागतात, तेही एकाच वेळी. चार फोटॉन एकाच घटनेत सहभागी व्हायचे तर प्रकाश विलक्षण दाट हवा, आणि इथेच खरी अडचण होती.

ती सोडवणारी युक्ती रोचेस्टरमध्येच जन्मली होती. लेसरचं स्पंद थेट वाढवत नेलं तर ते वर्धकाची काचच फोडतं. म्हणून जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली स्पंद आधी वेळेत ताणलं, मग वाढवलं आणि शेवटी दाबून पुन्हा आखूड केलं. २०१८ साली या कामाला नोबेल मिळालं. ई-१४४ चा लेसर याच पद्धतीचा होता. क्षणभराची त्याची शक्ती टेरावॅटच्या, म्हणजे लाख कोटी वॅटच्या घरात जाई. तो क्षण सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्शात मोजायचा, आणि नेमक्या त्याच वेळी इलेक्ट्रॉनांचा पुंजका समोर हजर हवा. त्यासाठी लेसरचं घड्याळ त्वरकाच्या घड्याळाला बांधलेलं होतं.

टकरीनंतर चुंबक इलेक्ट्रॉनना एकीकडे आणि पॉझिट्रॉनना दुसरीकडे वळवत. तिथे कॅलरीमीटर त्यांची ऊर्जा मोजत असे. पण वाट चुकलेले इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतींवर आदळूनही पॉझिट्रॉन निघतात आणि ते त्याच जागी येतात. मग प्रकाशातून आलेले कोणते? उत्तर शोधायला लेसर बंद ठेवूनही मोजणी झाली, आणि चालू लेसरच्या सुमारे २२ हजार फेऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या अशा घेतल्या गेल्या. त्यातून आलेली भेसळ वजा केल्यावर उरले ते १०६. काहीच घडू नये अशा फेऱ्यांना दिलेला हा वेळ मला सर्वांत भावतो.

शिवाय आणखी एक खूण मिळाली. लेसरची तीव्रता वाढवली की पॉझिट्रॉनची संख्या तिच्या साधारण पाचव्या घातानं वाढत होती: तीव्रता दुप्पट, तर पॉझिट्रॉन सुमारे बत्तीसपट. पहिल्या पायरीचा एक फोटॉन आणि दुसरीचे चार, मिळून पाच. भिंतीवर आदळून निघालेल्या कणांना लेसरच्या तीव्रतेशी असं नातं सांगता येणार नाही.

या कहाणीच्या शेजारीच मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांचं नाव आहे. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात, याचं गणित त्यांनी केंब्रिजमध्ये असताना केलं आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झालं. ‘भाभा विखुरण’ आजही कणभौतिकीत रोज वापरात आहे. त्यांनीच उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, आता १०० टेरावॅटचा लेसर आहे. त्याचं काम वेगळं, अतितप्त प्लाझ्माचं, पण घराणं मूरू-स्ट्रिकलंड यांचंच.

इलेक्ट्रॉनची मदत न घेता, नुसत्या लेसरनं निर्वातातून जोड्या उपसायच्या तर दर चौरस सेंटिमीटरला एकावर २९ शून्यं इतके वॅट लागतील, असा अंदाज आहे. दक्षिण कोरियात २०२१ साली जाहीर झालेला विक्रम एकावर २३ शून्यांचा आहे, म्हणजे अजून दहा लाखपट कमी. म्हणूनच जर्मनीत हॅम्बुर्गजवळ आखलेला ‘लक्स’ प्रयोग आणि खुद्द स्लॅकमधला ‘ई-३२०’, दोघांनीही लेसरसमोर पुन्हा वेगवान इलेक्ट्रॉनच उभे करायचा मार्ग धरला आहे.