बोटीवरचा जुना लाइफराफ्ट : ‘सर्टिफिकेट आहे’ एवढं पुरेसं असतं का?

मोठ्या फेरीबोटीवर किंवा जहाजावर गेलात, तर कठड्याजवळ पट्ट्यांनी बांधलेला पांढरा, पिंपासारखा एक डबा दिसतो. बऱ्याच जणांना ती पाण्याची टाकी वाटते. प्रत्यक्षात त्यात घडी घालून ठेवलेला लाइफराफ्ट असतो, म्हणजे फुगवायचा तराफा. बोट बुडायला लागली की डबा पाण्यात टाकायचा, त्याची दोरी ओढत राहायची आणि ती ताणली गेली की जोरात हिसका द्यायचा. आतल्या सिलिंडरमधला वायू सुटतो आणि थोड्याच वेळात डोक्यावर छप्पर असलेला तराफा तयार होतो.

असाच डबा खासगी शिडाच्या बोटींवरही असतो. फरक एवढाच की व्यापारी जहाजांवरच्या राफ्टची साधारणपणे दरवर्षी तपासणी करणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे. खासगी बोटींचं तसं नाही. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथे १३.७ मीटरपेक्षा लहान खासगी बोटीवर राफ्ट ठेवण्याची कायद्याने सक्तीच नाही. त्यामुळे राफ्ट घ्यायचा का, तपासायचा कधी आणि टाकून द्यायचा कधी, हे मालकानेच ठरवायचं.

सेकंडहँड बोट घेणाऱ्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. बोटीबरोबर पंधरा वर्षांचा राफ्ट मिळतो आणि सोबत एक जुनं सर्टिफिकेट. आता काय करायचं?

फुगला म्हणजे झालं?

सोशल मीडियावर असे व्हिडिओ दिसतात. अंगणात जुना राफ्ट ठेवून दोरी ओढतात, तो फुगतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण राफ्ट फुगणं ही परीक्षेची पहिली पायरी आहे. तो फुगलेला राहणं महत्त्वाचं.

१९७२ साली पॅसिफिक महासागरात रॉबर्टसन कुटुंबाची ‘ल्युसेट’ ही लाकडी बोट किलर व्हेलच्या धडकेने बुडाली. बोटीवर सहा जण होते. राफ्ट फुगला, सगळे त्यात चढले. पण त्यातली हवा जात राहिली आणि १७ दिवसांनी तो सोडून सगळ्यांना सोबतच्या छोट्या होडीत दाटीवाटीने बसावं लागलं. ३८ व्या दिवशी एका जपानी मासेमारी बोटीने त्यांना वाचवलं. ती होडी नसती तर ही गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं.

न वापरता राफ्ट म्हातारा कसा होतो?

राफ्ट वर्षानुवर्षं घट्ट घडीत दाबून ठेवलेला असतो. घडी जिथे मोडते, तिथे कापडावरचा लेप कमकुवत होतो. नळ्यांचे जोड बहुधा चिकटवलेले असतात आणि तो गोंद वयाबरोबर सुटू लागतो. डब्यात ओल शिरली तर धातूच्या भागांना गंज चढतो. बाहेरून डबा मात्र नव्यासारखा दिसतो.

आतल्या वस्तूंचंही तेच. मदतीसाठी पेटवायचे फ्लेअर, पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या, बॅटरी, समुद्र लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, या सगळ्यांना मुदत असते. बोट बुडाल्यावर पाण्याच्या दाबाने डबा आपोआप सोडणारी कळ असेल, तर तीही मुदतीची वस्तू. सर्रास वापरली जाणारी एकदाच वापरायची कळ दोन वर्षांनी बदलावी लागते.

सर्व्हिसमध्ये नेमकं काय करतात?

राफ्ट उघडून कोरड्या हवेने फुगवतात आणि तासभर तसाच ठेवतात. जहाजांच्या राफ्टसाठी नियम असा की या वेळात दाब ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरता कामा नये. वायूच्या सिलिंडरचं वजन करतात, म्हणजे गळती झाली असेल तर कळते. दर पाच वर्षांनी त्याच्या स्वतःच्या सिलिंडरने फुगवून पाहतात.

राफ्ट दहा वर्षांचा झाला की परीक्षा कडक होते. दाब नेहमीच्या दुपटीपर्यंत नेऊन जोड सरकतात का, हे पाहतात. शिवाय फुगवलेला राफ्ट जमिनीपासून उचलून ठेवतात आणि किमान ७५ किलो वजनाचा माणूस आत तळाच्या कडेकडेने फिरतो. तळाची शिवण वजन पेलते का, हे त्यातून कळतं.

खासगी बोटींच्या राफ्टना उत्पादकाचं वेळापत्रक लागू होतं. अनेकदा सुरुवातीला दर तीन वर्षांनी आणि वय वाढलं की दरवर्षी सर्व्हिस सांगितलेली असते.

जोडांवर एवढा भर का? १९७९ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडजवळ फास्टनेट शर्यत वादळात सापडली. ३०३ बोटींपैकी २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या आणि १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. चौकशीत आढळलं की सात मृत्यू राफ्टशी संबंधित घटनांमध्ये झाले होते आणि त्यातले तीन थेट राफ्ट निकामी झाल्यामुळे. एका राफ्टच्या वरच्या आणि खालच्या नळ्याच एकमेकींपासून सुटल्या. त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे या सात जणांनी सोडलेल्या बोटी नंतर तरंगत असलेल्या सापडल्या. म्हणून आजही शिकवलं जातं की बोट तरंगते आहे तोवर ती सोडू नका.

मग जुन्या राफ्टचं काय करायचं?

आधी डब्यावरचा अनुक्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष पाहा. त्या कंपनीने मान्यता दिलेल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का. मिळत नसतील तर विषय तिथेच संपला. मिळत असतील तर अंदाजे खर्च विचारा. सिलिंडर, फ्लेअर, पाणी सगळंच बदलायचं असेल, तर बिल नव्या राफ्टच्या किमतीजवळ जाऊ शकतं.

राफ्ट उघडतील तेव्हा शक्य असेल तर समोर उभे राहा आणि फोटो काढा. सर्टिफिकेट हातात आल्यावर नुसता शिक्का पाहू नका. अनुक्रमांक जुळतो का, कोणत्या चाचण्या केल्या आणि पुढची तारीख कोणती, हे वाचा. सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवशी राफ्ट पास झाल्याची नोंद. पुढच्या तारखेपर्यंत तो कोरड्या जागी, नीट बांधलेला ठेवणं आपलं काम.

आणि नापास झालाच, तर लगेच भंगारात देऊ नका. फ्लेअर आणि सिलिंडर जाणकारांच्या हवाली करा. मग राफ्ट पंपाने फुगवून एखाद्या तरणतलावात टाका आणि घरच्यांना पाण्यातून त्यात चढायला लावा. ओल्या कपड्यांनिशी हे किती अवघड असतं, ते तिथेच कळलेलं बरं.