तांब्याचं बूड सपाट दिसत नाही

‘आमच्या हातात कलाच नाही’ असं म्हणणाऱ्या माणसासमोर टेबलावर एक पितळी तांब्या ठेवावा आणि पेन्सिल हातात द्यावी. बहुतेक जण तांब्याचं तोंड लंबगोल काढतात, पोट फुगवतात आणि खाली बुडाशी आल्यावर पट्टीने ओढल्यासारखी आडवी रेघ मारून मोकळे होतात. टेबल सपाट आहे, तांब्या त्यावर नीट बसलाय, तेव्हा बूड सपाटच असणार! ही चूक हाताची नाही. हाताने लंबगोल वर काढलाच होता, तो खालीही काढू शकला असता. डोळ्याने जे पाहिलं ते बाजूला सारून, मनाला जे माहीत आहे ते कागदावर उतरलं.

आपण खुर्चीत बसून तांब्याकडे पाहतो तेव्हा त्याचं तोंड आपल्या नजरेच्या पातळीच्या थोडंच खाली असतं, म्हणून ते चपटं दिसतं. बूड त्याहून खाली, म्हणून तिथला गोल जास्त उघडतो. त्याची पुढची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळलेली दिसायला हवी. हे एकदा कळलं की तांब्या कागदावर तरंगायचा थांबतो आणि टेबलावर बसतो. आणखी एक गोष्ट: लंबगोलाच्या दोन्ही टोकांना नवशिके कोपरा काढतात, डोळ्याच्या आकारासारखा. तिथे कोपरा कधीच नसतो. वळण घट्ट होतं, पण तुटत नाही.

आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या लाखो मुलांनी वस्तुचित्राच्या पेपरात हे गिरवलं आहे. मधोमध उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर, मग आकार. त्या परीक्षेकडे पुढे अनेकांनी दहावीच्या वाढीव गुणांकडे नेणारी पायरी म्हणून पाहिलं याचं मला वाईट वाटतं, कारण त्या मधल्या रेघेत चित्रकलेचं निम्मं शिक्षण आहे. आधी मोजायचं, मग काढायचं.

मोजण्याची रीत जुनी आहे. हात कोपरात न वाकवता समोर ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक तांब्याच्या काठाला लावायचं आणि अंगठा बुडाशी सरकवायचा. झाली उंची. तीच पेन्सिल आडवी करून पोटाची रुंदी त्या उंचीत किती बसते ते पाहायचं. कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं, म्हणून हात ताठच हवा. रुंदी उंचीपेक्षा किंचित कमीच भरली, तर मनात जो उंच, सडपातळ तांब्या होता तो तिथल्या तिथे खोटा ठरतो.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगही असा मोजतच शिकला. त्याने गंभीरपणे चित्र काढायला घेतलं ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात. त्याआधी चित्रांच्या दुकानात नोकरी, शिक्षकी, धर्मोपदेश असं बरंच काही करून झालं होतं. त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे सरावाचे तक्ते मागवले आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गिरवले, मग पुन्हा गिरवले. या तक्त्यांची खुबी अशी की अनेक पानांवर एकीकडे पूर्ण चित्र आणि शेजारी त्याच आकाराचा सरळ रेषांचा सांगाडा. नाकाचं वळण, ओठाचं वळण, सगळं आधी छोट्या सरळ रेघांनी पकडायचं. सरळ रेघेचा कल तपासता येतो. वळणाचा अंदाजच बांधावा लागतो. पुढे हेग शहरात असताना त्याने दोऱ्या ताणलेली चौकट करून घेतली आणि तिच्यातून पाहून रस्ते, शेतं, होड्या काढल्या. रंगांच्या वादळासाठी ओळखला जाणारा हा माणूस आधी काही वर्षं निष्ठेने मोजत होता. १८९०मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, त्याने भावाकडे बार्गचे तेच तक्ते पुन्हा मागितले.

साहित्याचं म्हणाल तर फार लागत नाही. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५च्या सुमारास ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून भट्टीत भाजली, तेव्हापासून पेन्सिलीचा कठीणपणा माणसाच्या हाती आला. माती जास्त तर शिसं कठीण आणि रेघ फिकी, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. सुरुवातीला एचबी, दोन बी आणि सहा बी पुरेत. बारा पेन्सिलींची डबी पुढे केव्हाही घेता येईल. कागद थोडा खरखरीत, कार्ट्रिजसारखा घ्यावा. गुळगुळीत कागदावर ग्राफाइट धरत नाही.

पहिल्या रेघा इतक्या हलक्या असाव्यात की खोडायची गरजच पडू नये. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ काढावी, कारण चूक दिसत असली की दुरुस्ती कुठे आणि किती ते कळतं. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ पेन्सिल धरली तर फक्त बोटं हलतात. थोडी मागे, तळहाताखाली आडवी धरली की खांद्यापासून हात फिरतो आणि तांब्याचं पोट एका दमात येतं.

मग शेडिंग. इथे डोळे बारीक करून पाहावं. बारकावे विरतात आणि उजेड-काळोखाचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. तेच आधी भरायचे. पितळेच्या तांब्यावर एक जागा मात्र नीट न्याहाळण्यासारखी आहे. सावलीकडची बाजू कडेपर्यंत काळी होत जाईल असं वाटतं, पण अगदी कडेशी ती पुन्हा उजळते, कारण टेबलावरचा उजेड उलटून तिथे पोचतो. सर्वात गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो. तो आत सरकवला की सपाट आकृतीला गोलाई येते. तांब्याची टेबलावर पडलेली सावली बुडाला चिकटून सर्वात काळी असते आणि दूर जाताना पातळ होते. बोटाने शेडिंग घासण्याचा मोह टाळावा. त्वचेचं तेल कागदाला लागतं आणि डाग बसतो.

मोबाइलवरचा फोटो पाहून हुबेहूब डोळा काढायला शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी नवशिक्याला ते सुचवणार नाही. फोटोत तीन मितींची वस्तू आधीच सपाट झालेली असते. ते काम कॅमेऱ्याने उरकलेलं असतं आणि नेमकं तेच शिकायचं असतं. घरातली कढई, चपलांचा जोड, दाराची कडी, झोपलेलं मांजर यांत वर्षभराचा अभ्यास आहे.

काढलेली पानं टाकू नयेत. प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि दोन पानांमध्ये बटर पेपर ठेवावा, नाहीतर सहा बीचं ग्राफाइट समोरच्या पानावर उठतं. व्हॅन गॉग आपल्या पेन्सिलचित्रांवर दूध ओतून ती पक्की करत असे आणि त्याने ग्राफाइटची चकाकीही मरत असे. आता फिक्सेटिव्हचा फवारा मिळतो. तो खिडकी उघडी ठेवून, हातभर अंतरावरून, पातळ मारावा आणि पहिला थर वाळल्यावरच दुसरा द्यावा.