कोबुर्गच्या ढालीवरचा संत

जर्मनीत बव्हेरियाच्या उत्तर टोकाला कोबुर्ग नावाचे शहर आहे. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट इथल्याच राजघराण्यातले, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पूर्वी या दांपत्याच्याच नावाने ओळखले जाई. कोबुर्गच्या मानचिन्हात सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णी पुरुषाचे मस्तक आहे, कानात सोन्याची बाळी. रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही तेच मस्तक दिसते.

ते आहे शहराचे रक्षक संत मॉरिस यांचे. इथले जुने मोरित्झ चर्च त्यांच्याच नावाचे. 1530 मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात मुक्कामाला असताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी याच चर्चमध्ये प्रवचन केले होते. मॉरिस हे रोमन फौजेतल्या, इजिप्तमधल्या थीब्जकडून आलेल्या पलटणीचे नायक. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट मॅक्झिमियनने त्या पलटणीला ख्रिस्ती लोकांवर शस्त्र धरायला सांगितले. तिने नकार दिला. दहांतल्या एकाला मारले, तरी नकार कायम. अखेर आल्प्सच्या पायथ्याशी सगळी पलटण कापली गेली. पाचव्या शतकात ल्योंचे बिशप यूखेरियस यांनी लिहून ठेवलेली ही कथा. इतिहासकार तिच्यावर शंका घेतात, पण हुकूम मोडणारा सैनिक लोकांनी संत मानला, हे मला तिच्या खरेखोटेपणाहून मोठे वाटते.

कित्येक शतके चित्रकार मॉरिसना गोरेच रंगवत होते. दहाव्या शतकात जर्मन सम्राट पहिल्या ओटोने त्यांना माग्डेबुर्ग शहराचे आराध्य केले, आणि तिथल्याच कॅथीड्रलमध्ये 1240 च्या सुमारास एका अनाम शिल्पकाराने त्यांना आफ्रिकी माणूस म्हणून घडवले. अंगात साखळ्यांचे चिलखत, चेहरा सावध आणि विचारी. समोर खराखुरा माणूस बसवल्याशिवाय असा चेहरा दगडात उतरत नाही, असे मला ठामपणे वाटते. पुढे जर्मन भूमीत कृष्णवर्णी मॉरिस रूढ झाले.

कोबुर्गवर मात्र एक काळ असा आला की हा चेहराच नकोसा झाला. 1929 च्या निवडणुकीत इथल्या नगरपरिषदेत नाझींना 25 पैकी 13 जागा मिळाल्या. स्पष्ट बहुमत त्यांना सर्वांत आधी मिळाले ते याच जर्मन शहरात. 1934 मध्ये त्यांनी संताला ढालीवरून हटवले आणि तलवार आणली, मुठीच्या टोकाला स्वस्तिक असलेली. 1945 मध्ये नाझी गेले आणि मॉरिस परतले.

2020 मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून कृष्णवर्णी जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यावर हे मानचिन्ह वर्णद्वेषी असल्याची तक्रार झाली. मस्तक काढून टाकावे, अशी मागणी पुढे आली. त्या मागणीविरोधात शहरवासीही उठले. तक्रारीत तथ्य आहे. जाड ओठ, कानातली बाळी ही संताची लक्षणे नव्हेत. युरोपातल्या चित्रकारांनी काळ्या माणसाचा जो ठोकळा बनवला, त्यातून ती आली. माग्डेबुर्गच्या पुतळ्यात असला ठोकळा नाही. पण मस्तकच काढून टाकणे म्हणजे नाझींनी केले तेच, वेगळ्या हेतूने, पुन्हा करणे होय. माझ्या मते मॉरिस ढालीवर राहावेत. बाळी जावी, आणि चेहरा माग्डेबुर्गच्या पुतळ्यावरून नव्याने रेखाटावा.