बाहुला, आवाज आणि समोरचा माणूस : तात्या विंचूची मोहिनी ओसरली काय?

महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ साली प्रदर्शित झाला आणि माणसाच्या कमरेएवढीही उंची नसलेला तात्या विंचू हा खलनायक मराठी घरांत कायमचा वस्तीला आला. त्यानंतर वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' त्रिमितीत पडद्यावर आला. तेव्हापासून या बाहुल्याच्या चाहत्यांत एक वाद अधूनमधून उफाळून येतो. तात्याची मोहिनी ओसरली, की पाहणाऱ्यांचे वय वाढले? वाद वरकरणी करमणुकीचा आहे. परंतु त्याच्या पोटात बाहुल्यांच्या कलेविषयीचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. निर्जीव बाहुला नेमका कोणाच्या बळावर जिवंत वाटतो, आणि ते बळ एका माणसाच्या पश्चात दुसऱ्याकडे जाऊ शकते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः शब्दभ्रमकलेच्या अंगाने केला आहे.

या वादात ढोबळ मानाने दोन पक्ष दिसतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, पहिल्या चित्रपटातील बाहुल्याच्या हालचालींत जो ओबडधोबडपणा होता तोच भीतीचा उगम होता; पुढे तंत्र सफाईदार झाले आणि भीती गेली. दुसरा पक्ष म्हणतो, बाहुला तोच आहे. बालपणी अंथरुणात तोंड लपवून पाहिलेली गोष्ट चाळिशीत पुन्हा तशीच वाटावी ही अपेक्षाच चुकीची. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र दोघांचीही नजर बाहुल्यावरच खिळलेली आहे. वस्तुतः बाहुल्याच्या खेळात पाहण्याजोगी जागा बाहुल्याच्या समोर असते.

बाहुल्याचे वेड मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुल्यासाठी 'साइखडे' हा शब्द येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आजवर राखली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली 'पद्मश्री' देण्यात आली. परंतु या परंपरेत बाहुली नाचवणारा आणि तिच्यासाठी बोलणारा यांनी आपले अस्तित्व लपवायचे नसते. सूत्रधार सूत्रधारच असतो. शब्दभ्रमात मात्र सारी कसोटी लपवण्याचीच आहे. कलावंत बाहुल्याशेजारी उघड बसतो, ओठ न हलवता बोलतो, आणि आवाज बाहुल्याच्या मुखातून आल्याचा भास होतो. हा भास घडतो त्याचे कारण मानवी इंद्रियांच्या स्वभावात आहे. आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवण्याच्या कामी कान डोळ्यापुढे दुबळा पडतो. जे तोंड हलताना दिसते, त्यालाच मन तो आवाज बहाल करते. चित्रपटगृहात ध्वनिक्षेपक पडद्याच्या मागे वा बाजूला असूनही संवाद नटाच्या ओठांतून आल्यासारखे वाटतात ते याच कारणाने. त्या अर्थाने बोलपट हाच एक मोठा शब्दभ्रम होय.

रंगमंचावरील शब्दभ्रमकाराची खरी अडचण ओष्ठ्य वर्णांत असते. प, फ, ब, भ, म यांच्या उच्चारास ओठ मिटावे लागतात. म्हणून जिभेने दातांच्या मागे त्यांच्याजवळचा ध्वनी काढून प्रेक्षकाच्या कानाला फसवावे लागते. (योगायोग असेल, पण 'अर्धवटराव' आणि 'तात्या विंचू' या मराठीतल्या दोन सर्वांत प्रसिद्ध बाहुल्यांच्या नावांत प-वर्गातला एकही वर्ण नाही, जो 'व' आहे तो ओठ न मिटता म्हणता येतो.) चित्रपटात ही अडचण उरत नाही. बाहुल्याचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून जोडता येतो. तात्या विंचूचा बाहुला घडवला तो रामदास पाध्ये या शब्दभ्रमकाराने, आणि आवाज दिला तो दिलीप प्रभावळकर या नटाने. म्हणजे एका देहात दोन कलावंतांचे कसब एकवटले. रंगमंचावर जो शेजारी बसून बाहुल्याचे बोलणे ऐकतो, त्याला हसतो, त्याच्यावर रागावतो, तो तिसरा माणूस येथे कोण? तो होता लक्ष्मीकांत बेर्डे.

'झपाटलेला'ची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली आहे हे सर्वश्रुत आहे. मरणासन्न गुन्हेगार मंत्रबळाने आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळावा म्हणून एका निरपराधाच्या मागे लागतो, एवढा सांगाडा दोहोंत समान. परंतु मराठी रूपांतरात एक बदल असा झाला की त्याने सारा रस पालटला. अमेरिकी चित्रपटात बाहुल्याच्या तावडीत सापडतो तो सहा वर्षांचा अँडी. मराठीत त्याच्या जागी लक्ष्या हा वाढत्या वयाचा, पण बाहुल्यांवर लहान मुलासारखा जीव टाकणारा तरुण आला. बाहुला बोलतो असे लहान मुलाने सांगितले तर मोठी माणसे हसून सोडून देतात. तेच मिशा फुटलेल्या माणसाने सांगितले तर त्याला वेडा ठरवतात. 'झपाटलेला'मधील विनोद आणि कारुण्य या एकाच फटीतून पाझरते. बेर्डे यांची घाबरण्याची तऱ्हा प्रेक्षकाला 'धूमधडाका' (१९८५), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) यांतून ओळखीची झाली होती. या वेळी मात्र त्या घाबरण्याला समोर एक निर्जीव वस्तू होती. ती वस्तू खरी आहे असे लक्ष्याने इतक्या मनापासून मानले की प्रेक्षकाला न मानण्याची सोयच राहिली नाही. बाहुल्याचे डोळे काचेसारखे स्थिर असोत की चालण्यात झटके असोत, लक्ष्याच्या चेहऱ्यावर त्याचे जे उमटत होते ते जिवंत होते.

प्रभावळकरांच्या आवाजाचे श्रेय येथे कमी लेखण्याचा हेतू नाही. 'चिमणराव' घराघरांत पोचवणाऱ्या या नटाने तात्याला खर्जातला, गुरगुरणारा, तरी अस्सल मराठी वळणाचा आवाज दिला. तात्या परदेशी भुतासारखा बोलत नाही. तो नाक्यावरच्या दादासारखा दम देतो. याच कारणाने कोठारे यांनीच १९९५ साली बेर्डे यांना घेऊन केलेला 'खिलौना बना खलनायक' हा हिंदी अवतार मूळ चित्रपटाची उंची गाठू शकला नाही असे वाटते. छत्तीसगढात भिलाईच्या मरोदासारख्या पोलाद-वसाहतीत, जेथे मराठी कुटुंबाच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी व छत्तीसगढी चालते, तेथल्या प्रेक्षकाला हे दोन्ही चित्रपट सारखेच सुगम. भाषा कळत नाही म्हणून एक आवडला आणि दुसरा नाही, असे त्याच्या बाबतीत म्हणता येणार नाही. कथा तीच, दिग्दर्शक तोच, नट तोच. बदलली ती धमकीची बोली. धमकीला ओळखीच्या गल्लीचा वास असावा लागतो.

दुसऱ्या भागाकडे या दृष्टीने पाहिले की वादाचा गुंता बराचसा सुटतो. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे यांचे निधन झाले होते. त्यामुळे 'झपाटलेला २'मध्ये तात्याच्या समोर लक्ष्याचा मुलगा उभा करण्यात आला. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. कथेच्या दृष्टीने हा वारसा सयुक्तिक होता. दिग्दर्शक तोच होता आणि तात्याचा आवाजही प्रभावळकरांचाच होता. त्रिमितीमुळे बाहुला पडद्याबाहेर झेपावू लागला. असे असूनही अनेक जुन्या चाहत्यांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले, आणि त्यांनी दोष दिला तो तंत्राला. दोष तंत्राचा नव्हता. बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर धावून आला, तरी त्याच्यावर प्रेक्षकाच्या आधी विश्वास ठेवणारा भाबडा माणूस त्याच्यासमोर नव्हता. नव्या नायकाला बाहुल्याशी लढायचे होते. लक्ष्याला आधी त्याच्यावर माया करायची होती. लढणाऱ्याच्या समोर बाहुला शत्रू होतो, माया करणाऱ्याच्या समोर तो विश्वासघातकी होतो. 'झपाटलेला'ची भीती या दुसऱ्या प्रकारची होती.

मग माणूस गेला की बाहुला संपतो, असा नियम काढावा काय? अर्धवटराव त्याला आड येतो. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६च्या सुमारास रूपास आणलेला हा बोलका बाहुला पुढे रामदास पाध्ये यांच्या आणि त्यानंतर सत्यजित पाध्ये यांच्या हाती आला. शंभर वर्षे उलटून गेली. बोलवते हात आणि गळे बदलले, तरी तो खवचट म्हातारा रंगमंचावरून उतरला नाही. याचे कारण रंगमंचाच्या व्यवहारात आहे. अर्धवटराव कोणत्याही एका संहितेला बांधलेला नाही. तो आजच्या सभागृहातील आजच्या माणसांवर शेरे मारतो, आणि त्याला उत्तर देणारा शब्दभ्रमकार प्रत्येक पिढीत हाडामांसाचा असतो. तात्या मात्र फितीत बंद आहे, त्याच्या समोरच्या लक्ष्यासह.

परदेशातही हाच अनुभव दिसतो. जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये निर्माण केलेला कर्मिट हा बेडूक त्यांच्या १९९० मधील मृत्यूनंतर स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हाती गेला आणि २०१७ मध्ये मॅट व्होगेल यांच्याकडे आला. दर वेळी चाहत्यांनी आवाजातली सूक्ष्म तफावत मोजली, वाद घातले. बेडूक मात्र चालत राहिला, कारण त्याच्या भोवतीचा गोतावळा शाबूत होता. 'चाइल्ड्स प्ले'ची कथा अधिक बोलकी आहे. २०१९ साली त्याचे नवे रूप काढताना चकी या बाहुल्यातून आत्मा आणि मंत्र वजा करून तेथे बिघडलेले संगणकीय यंत्र बसवले गेले; ब्रॅड डूरिफ यांच्या आवाजाच्या जागी मार्क हॅमिल यांचा आवाज आला. जुने चाहते बिथरले. २०२१ ते २०२४ या काळात मूळ लेखक डॉन मॅन्सिनी यांनी जी दूरचित्रवाणी मालिका केली तीत डूरिफ परतले, आणि बाहुल्याच्या तावडीत पुन्हा एकदा एक एकाकी मुलगा आला.

स्मरणरंजनाचा मुद्दा येथे पुन्हा तपासता येतो. 'झपाटलेला' प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुले दूरचित्रवाणीवर तो पाहून आजही दचकतात आणि हसतात. त्यांच्याजवळ तर १९९३ची आठवण नाही. तेव्हा मोहिनी केवळ चाहत्यांच्या बालपणात आहे असे म्हणता येत नाही. ती पहिल्या चित्रपटाच्या रचनेत आहे आणि तेथे ती अजून शाबूत आहे. प्रश्न उरतो तो पुढील भागांचा. मृत नटाचा चेहरा यंत्राच्या साहाय्याने पुन्हा हलता-बोलता करण्याची सोय आज झाली आहे, आणि लक्ष्याला तसे परत आणावे असे वाटणारे चाहते निघणारच. परंतु तसे झाल्यास पडद्यावर दोन बाहुले समोरासमोर उभे राहतील : एक पाध्ये यांनी घडवलेला, दुसरा संगणकाने. त्यांपैकी घाबरणार कोण, हे तिसरा भाग लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर ठरवावे लागेल.